ऐरोली–नेरूळ सहलीतल्या अनोळखी मंडळींचे आभार

रविवारी आम्ही ठाण्याहून आईला घेऊन निघालो. ऐरोलीच्या फ्लेमिंगो केंद्रातल्या ताई, बोट भरतीच्या वेळेनुसार सुटते हे सांगून तुम्ही आम्हाला आधी खारफुटीचं प्रदर्शन बघायला पाठवलंत, नाहीतर बाकावर ताटकळत बसलो असतो.

नेरूळच्या वंडर्स पार्कमध्ये ताजमहाल, कोलोसियम सगळं छोट्या रूपात एका फेरीत बघून झालं. (आईच्या मते आग्र्याला जायची आता गरज नाही!) बाहेर येतो तर गाडीची बॅटरी उतरलेली. पांढऱ्या टेम्पोवाल्या दादांनी सीटखालून काळी-लाल वायर काढली, टोकाचा गंज चावीने खरवडला आणि दुसऱ्या झटक्यात गाडी चालू! पैसे मात्र घेतले नाहीत. आईला स्वतःची खुर्ची देणाऱ्या वॉचमनकाकांचेही मनापासून आभार. दादा, चहा उधार राहिला.