गेमला अनुदान देताना नुसती चित्रं पाहू नका

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी अमळनेरला संगणकाचे वर्ग घेतो. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी एक गेम बनवला आहे. वादळ यायच्या आत रावेरच्या बागेतली केळी बैलगाडीत भरून घरी आणायची. जिंकलात की पोळा. पात्रं अहिराणी बोलतात. कल्पना पोरीची, तिच्या मामाची बाग वादळात आडवी झाली होती.

त्यांचा बैल सोळा बाय सोळा चौकटींचा, म्हणजे सगळे मिळून 256 ठिपके. शिंगांना हिंगूळ लागला, झूल बसली, बाशिंगाला जागाच उरेना. दोन दिवस खटपट चालली. शेवटी पोरीनं झुलीची एक ओळ पुसली, कपाळावर दोन पिवळे ठिपके ठेवले आणि बैल सजला!

एका स्पर्धेत परीक्षकांनी हा गेम दोन मिनिटं पाहिला. ‘ग्राफिक्स जुनाट आहे,’ म्हणाले. त्या शब्दाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

साहेब, पूर्वी गेममधली भिंत म्हणजे एक चित्र असायचं. आता विटेचा खडबडीतपणा, ओल, तिच्यावरून परतणारा उजेड, सगळं वेगवेगळं घडवावं लागतं. त्यासाठी शेकडो माणसं वर्षानुवर्षं पगारावर. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या गेमला सुमारे 22 कोटी डॉलर लागले, हे 2023 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयीन कागदपत्रांतून कळलं. एवढा पैसा अडकल्यावर नवं काही करायची छाती कोणाची होईल? मग चाललेल्या गेमचेच पुढचे भाग निघतात. उलट एरिक बॅरोन या अमेरिकी तरुणानं एकट्यानं चार वर्षांहून जास्त खपून ‘स्टारड्यू व्हॅली’ बनवला. शेतीचाच गेम, ठिपक्यांचीच चित्रं. 2016 पासून त्याच्या 4 कोटींहून अधिक प्रती खपल्या.

नव्या तंत्राला माझा विरोध नाही. पुण्यात बनलेला ‘राजी’ हा गेम अनरिअल इंजिनवरच, म्हणजे गेम बनवायच्या आधुनिक सॉफ्टवेअरवरच उभा राहिला, त्याचा मला अभिमान आहे. पण आमच्याकडे 4 जीबीचे लॅपटॉप आहेत. त्यांवर फुकट मिळणारं गोडो इंजिन चालतं, आणि पोरांना तेवढं पुरतं.

राज्यानं 2025 मध्ये अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स आणि आभासी वास्तव यांसाठीचं एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केलं. त्यातून जळगाव, धुळे, नंदुरबारच्या दोन-तीन जणांच्या गटांना चार-पाच लाखांची छोटी अनुदानं द्या. परीक्षकांना गेम साध्या मोबाइलवर अर्धा तास खेळायला लावा, मगच गुण द्यायला सांगा.

खान्देशात दौरा असेल तेव्हा वर्गावर जरूर या. लॅपटॉप चालू होईपर्यंत चहा होतो. बैल बाणांच्या बटणांनी चालतो. पहिलं वादळ तिसऱ्या मिनिटाला येतं.

आपला,
अमळनेरचा एक संगणक शिक्षक