आधी मजकूर साफ, मग मोजणी

मा. संपादक,
स. न.

जालावरचा मराठी मजकूर उतरवून घेऊन शब्दांची वारंवारता काढायचे प्रकल्प पदव्युत्तर वर्गांना दिले जातात, हे चांगलेच आहे. मात्र मोजणीआधीची साफसफाई अभ्यासक्रमात सक्तीची हवी. ती टाळली की आकडे चक्क चुकतात.

‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकला जातो : ऱ (युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीतला क्रमांक ०९३१) घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे न दिसणारे जोडचिन्ह (२००डी) द्यायचे. पडद्यावर फरक दिसत नाही, पण संगणक हे दोन वेगळे शब्द धरतो. एकाच अक्षराचे वेगवेगळे संकेत एकरूप करणारे युनिकोडचे ‘एनएफसी’ प्रमाणीकरण चालवले तरी ते एक होत नाहीत. त्यात अदृश्य चिन्हे सरसकट पुसली, तर दुसऱ्या तऱ्हेच्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरांमधल्या दऱ्यांच्या जागी समुद्र मोजला जातो! म्हणून आधी र, हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह), जोडचिन्ह या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त घालावे. बाकीची चिन्हे नंतर काढावीत. ‘आ’ऐवजी ‘अ’ला काना देऊन टंकलेले शब्दही याच टप्प्यावर सुधारावेत.

पुढचा खड्डा शब्द तोडण्याचा. पायथन या संगणकभाषेच्या ‘आरई’ या मजकुरात नमुने शोधणाऱ्या संचातली शब्दाची तयार खूण काना-मात्रांना अक्षर मानत नाही, त्यामुळे ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ उरतात. त्याऐवजी ०९०० ते ०९७एफ ही युनिकोडमधली देवनागरीची पट्टी स्वतः द्यावी आणि त्यातून दंड व दुहेरी दंड वगळावेत.

एकाच शब्दाची रूपे एकत्र मोजण्यासाठी प्रत्यय छाटताना तर फारच जपायला हवे. ‘घरात’मधला ‘त’ काढणे ठीक, पण तोच नियम ‘हात’चा ‘हा’ करतो, आणि ‘वर’ छाटणारा नियम ‘सरोवर’चे ‘सरो’. ‘पाण्यात’मधून ‘त’ गेला तरी ‘पाण्या’ उरतो, ‘पाणी’ नाही. सामान्यरूपावरून मूळ शब्दाकडे नेणारा कोश जोडल्याशिवाय हे सुटत नाही.

वृत्तसंस्थेची एकच बातमी अनेक संकेतस्थळांवर असते, ‘हेही वाचा’ तर पानोपानी. अशा पुनरावृत्ती मोजणीआधीच गाळाव्यात.

विद्यापीठांना विनंती आहे की प्रकल्पासोबत मूळ न बदललेला मजकूर, तो उतरवल्याची तारीख आणि साफसफाईच्या आज्ञा क्रमाने जोडणे बंधनकारक करावे. परीक्षकाला तीच मोजणी पुन्हा करून पाहता आली पाहिजे.

— संगणकीय भाषाशास्त्राचे अध्यापक, पुणे