रविवारच्या ऑर्डरआधी हे वाचा
मंडळी, रविवारी रात्री आपल्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी समुद्री मासे, गोगलगायी वगैरेंची एकत्र ऑर्डर जाणारे, तेव्हा त्याआधी टँकची साईज, टँक किती महिन्यांचा आहे आणि आत सध्या कोण कोण आहे ते लिहून टाका, नुसतं "मला पण एक टँग" चालणार नाही. तीन फुटी टँकला टँग मासा मागूच नका, त्याला पोहायला जागा लागते.

क्लाउन माशाची एका टँकमध्ये एकच जोडी. डॅमसेल मासा स्वस्त मिळतो म्हणून पहिला टाकू नका, तो नंतर अख्ख्या टँकचा दादा होतो आणि त्याला पकडायला सगळे दगड उपसावे लागतात. मँडरिन मासा दिसायला कितीही भारी असला तरी तो दिवसभर कोपेपॉड (पाण्यातले बारीक जीव) टिपत फिरतो, नवीन टँकमध्ये उपाशी मरतो. ट्रिगर मासा असेल तर कोळंबी म्हणजे त्याचा नाश्ता, विषय संपला.

शेवाळासाठी टर्बो गोगलगाय, वाळूतल्या उरलेल्या खाण्यासाठी नॅसारियस गोगलगाय. एकदम पन्नास गोगलगायी नकोत, शेवाळ संपलं की त्यांची उपासमार. हर्मिट (रिकाम्या शंखात राहणारा खेकडा) घेणाऱ्यांनी रिकामे शंख टाकून ठेवा, माझ्याकडे नव्हते, एका सकाळी बघतो तर माझ्या टर्बोच्या शंखातून निळे पाय बाहेर!

आणि हो, ज्यांनी टँकमध्ये कॉपरचं औषध टाकलंय त्यांनी गोगलगाय, कोळंबी काहीही मागवू नका. समुद्रघोडा आणि समुद्रकाकडी १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत, ती ऑर्डर घेणार नाही. पिशवी घ्यायला येताना थर्माकोलचा डबा आणा प्लीज.