आहारविकारांवरील उपचारांत गटाला आणि कागद-रंगांना जागा हवी

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत किशोरवयीन मुलामुलींमधील आहारविकारांवर आलेला लेख वाचला. अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या धास्तीने खाणे तोडणे), बुलिमिया (भरपूर खाऊन मग उलट्या करणे वगैरे) आणि बिंज ईटिंग (आवर न राहता भरमसाट खाणे) यांची लक्षणे त्यात नीट मांडली होती आणि वैद्यकीय तपासण्या व आहारतज्ज्ञांचा सल्ला यांवरही योग्य भर होता. मात्र वजन पूर्ववत झाल्यावर किंवा उलट्या थांबल्यावर त्या मुलीने पुन्हा चारचौघांत जेवायला बसायचे कसे, या प्रश्नाला लेखात जागा मिळाली नाही. माझी सारी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात झाली आणि निवृत्तीनंतर एका मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या, आहारविकार असलेल्या मुलींच्या छोट्या गटात मी मदतनीस म्हणून जाते. तिथे जे पाहते त्यावरून माझे असे मत झाले आहे की आर्ट थेरपी (चित्रे, कोलाज, माती यांच्या आधारे केलेले मानसोपचार) आणि सामाजिक कौशल्यांचे शिक्षण ही दोन्ही एकाच गटात, वैद्यकीय उपचारांच्या जोडीने, नाशिकमधल्या सर्वसामान्य घरांना परवडेल अशा रीतीने उपलब्ध झाली पाहिजेत.

या मुली माणसांपासून तुटत जातात, हे घरच्यांच्या लक्षात फार उशिरा येते. आधी डबा परत येऊ लागतो, मग मैत्रिणींबरोबर रविवारी मिसळ खायला जाणे बंद होते, पुढे लग्नकार्याला जाण्याच्या आदल्या दिवशी नेमके पोट दुखू लागते. ‘ती मुळातच घुमी आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. वास्तविक उपासमार स्वतःच माणसाला एकलकोंडे करते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला होता. सैन्यात शस्त्र हाती घेण्यास तत्त्व म्हणून नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने त्यात सहभागी झाले होते आणि सुमारे सहा महिने त्यांना जवळजवळ अर्ध्या आहारावर ठेवण्यात आले. त्या काळात ते चिडचिडे आणि उदास झाले, संगतसोबत टाळू लागले, तासन्‌तास अन्नाचाच विचार करू लागले. काहींनी तर पाककृतींची पुस्तके जमवली. दिसण्याची किंवा वजनाची चिंता त्यांच्यापैकी कोणालाही नव्हती, तरीही असे घडले.

यातून उपचारांचा क्रम ठरतो. शरीराला पुरेसे अन्न मिळू लागल्याशिवाय कौशल्ये शिकवून उपयोग नाही, कारण भुकेलेला मेंदू शिकण्याच्या मनःस्थितीत नसतो. वारंवार उलट्या करणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि दीर्घकाळ उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर खाऊ घालणेही धोक्याचे असते, कारण त्यात रक्तातील फॉस्फेट झपाट्याने खाली येते. म्हणून रुग्णालय आधी आणि रंगपेटी नंतर, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. किशोरवयीनांच्या अ‍ॅनोरेक्सियासाठी कुटुंबाला सोबत घेऊन केलेल्या उपचारांना सर्वांत भक्कम संशोधनाचा आधार आहे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात विकसित झालेली ही पद्धत आता अनेक देशांत वापरली जाते. त्या मानाने आर्ट थेरपीवरील अभ्यास थोडे आणि लहान आहेत. ती पूरक आहे, आणि पूरक म्हणूनच तिची मागणी करावी.

मग तिचा उपयोग तरी काय? आहारविकार असलेल्या अनेकांना मनात काय चालले आहे ते शब्दांत सांगता येत नाही. विचारले तर ‘काही नाही’ किंवा ‘मी जाड आहे’ एवढेच उत्तर मिळते. राग, लाज, एकटेपणा या सगळ्यांसाठी त्यांच्याजवळ वजन हा एकच शब्द उरलेला असतो. कागदावर मात्र काहीतरी उमटते. ‘आर्ट थेरपी’ ही संज्ञा एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने १९४२ मध्ये रूढ केली. क्षयरोगावर उपचार घेत असताना आजारपणात चित्रे काढण्याचा लाभ त्यांनी स्वतः अनुभवला होता. आपल्याकडे चित्रकला म्हटले की एलिमेंटरी, इंटरमिजिएट आणि त्यातली ‘ए’ ग्रेड आठवते, दहावीला मिळणारे वाढीव गुण आठवतात. या मुलींसाठी तो अडथळाच ठरतो, कारण त्या बहुधा आधीच परिपूर्णतेच्या मागे लागलेल्या असतात.

गटात आलेल्या एका मुलीने (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) पहिल्या दिवशी पट्टीशिवाय एकही रेघ मारली नाही, आणि खोडरबर इतक्या वेळा फिरवला की कागदाला भोक पडले. माझ्यातली शिक्षिका तिला दुसरा कागद द्यायला उठली होती. थेरपिस्टनी डोळ्यांनीच मला थांबवले आणि तिला विचारले, ‘या भोकाचं काय करूया?’ बऱ्याच वेळाने तिने पाठीमागून लाल घोटीव कागद चिकटवला. घाईने ओला कागद आणि पातळ रंग तिच्या पुढ्यात ठेवले असते तर ती बहुधा घाबरून उठून गेली असती. वाहणारे रंग हाताबाहेर जातात आणि ज्याला सगळे काबूत ठेवायचे असते त्याला ते सोसत नाही. म्हणून आधी पेन्सिल, कात्रणे, कोलाज आणि बऱ्याच नंतर जलरंग किंवा शाडूची माती, अशा क्रमाने जावे लागते. हे ज्ञान चित्रकलेच्या शिक्षकाजवळ आपोआप येत नाही, हे मी स्वानुभवाने सांगते.

याच गटात एकदा सर्वांना घरातले जेवणाचे चित्र काढायला सांगितले होते. कोणी रिकाम्या खुर्च्या काढल्या, कोणी ताटाजवळ उभा केलेला मोबाइल काढला. एका चित्रात माणूस एकही नव्हता, फक्त कागदाच्या कडेकडून ताटावर येणारा आजीचा हात आणि त्यातला भाताचा डाव. पुढचा अर्धा तास त्या डावावरच गेला. ‘आजी, वाढू नकोस, मी मागून घेईन’ हे वाक्य आवाज न चढवता आणि ताट न ढकलता कसे म्हणायचे, याचा सराव गटाने आळीपाळीने आजी होऊन केला. (आजीची भूमिका सगळ्यांना उत्तम जमली!) सामाजिक कौशल्यांचे शिक्षण म्हणतात ते हेच. नाही म्हणता येणे, मदत मागता येणे, राग आला आहे हे सांगता येणे, ‘किती वाळलीस गं’ किंवा ‘सुटलीस की’ असे म्हणणाऱ्या काकूंना दुखावल्याशिवाय विषय बदलता येणे, या गोष्टी व्याख्यानातून येत नाहीत. त्या समोर माणसे बसवून कराव्या लागतात. चित्रामुळे सरावाला नेमका प्रसंग मिळतो, आणि गटामुळे समोर समवयस्क मिळतात. एकास एक समुपदेशनात ही दुसरी सोय नसते.

गटाचे धोकेही आहेत. अशा मुली एकत्र आल्या की वजनाची, कमी खाण्याची चढाओढ लागू शकते आणि एकमेकींकडून नको त्या युक्त्याही शिकल्या जातात. त्यामुळे गटात किलो, कॅलरी, मापे यांचा उच्चार करायचा नाही, हा नियम कडकपणे पाळावा लागतो. सहा-आठ जणांपेक्षा मोठा गट नसावा आणि मध्येच नव्यांना घेऊ नये. स्वतःच्या शरीराची बाह्यरेषा मोठ्या कागदावर काढण्याचा प्रकार शिबिरांमध्ये हौसेने केला जातो, परंतु आहारविकाराच्या रुग्णाला तो फार झोंबू शकतो. प्रशिक्षित थेरपिस्टशिवाय तो कोणीही करू नये. इंग्लंडमध्ये ‘आर्ट थेरपिस्ट’ ही पदवी कायद्याने संरक्षित आहे. नोंदणीशिवाय ती कोणाला लावता येत नाही. आपल्याकडे मात्र मंडला (वर्तुळाकार नक्षी) रंगवण्याच्या रविवारच्या कार्यशाळेलाही थेरपी म्हणतात. विरंगुळा म्हणून तिला माझी हरकत नाही, पण आजारी मुलीच्या पालकांनी त्यावर विसंबू नये.

आपल्याकडील उपवासांचाही विचार झाला पाहिजे. श्रावणी सोमवार, चतुर्थी, नवरात्र यांच्या आड न जेवणे सहज लपते, वर कौतुकही होते. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. जिम आणि प्रोटीन पावडर यांच्या नादात त्यांचा आजार बरेचदा ‘फिटनेस’ म्हणून खपून जातो. आणि एक तक्रार आपल्या वृत्तपत्राबद्दलही आहे: ज्या पानावर तो लेख होता, त्याच पानावर झटपट वजन उतरवून देणारी जाहिरात होती. जाहिरात विभाग वेगळा असतो हे मी जाणते, तरीही हे टाळता आले असते.

नाशिकला हे अशक्य नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. समुपदेशक आणि कलाशिक्षक यांना एकत्र आणणारा अभ्यासक्रम त्याने हाती घ्यावा. शासकीय रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकमध्ये आहारविकारांची प्राथमिक चाचणी व्हावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण देणे बंधनकारक आहे. गटातील सत्रांचा खर्च त्यात धरला जातो की नाही, हे पालकांनी पॉलिसी घेतानाच लेखी विचारून घ्यावे.

गट सुरू झाला तर तो रुग्णालयाच्या मनोविकार विभागात न भरवता महापालिकेच्या एखाद्या वाचनालयात किंवा सभागृहात भरवावा, कारण त्या विभागाच्या पाटीखालून मुलीला नेण्यास बहुतेक पालक कचरतात. वेळही संध्याकाळी सातनंतरची ठेवावी. गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवरचे क्लास त्याआधी सुटत नाहीत. तोपर्यंत ज्यांना तातडीने कोणाशी बोलायचे आहे त्यांच्यासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. मुलगी चक्कर येऊन पडत असेल, छातीत धडधडत असेल किंवा तिचे पाणी पिणेही बंद झाले असेल, तर मात्र फोन करत न बसता तिला थेट रुग्णालयात न्यावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षिका
इंदिरानगर, नाशिक