आधी वरचं नाव वाच

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर रडवेली झाली होतीस. सीए ऑफिसातली मुलं माऊसला हात न लावता टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, चालवतात आणि आपण मागे पडतो, म्हणालीस. अगं, बोटांना सवय लागायला महिना-दीड महिना जातोच. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस एवढं आधी बसव. एन्ट्री मारताना पार्टीचं लेजर, म्हणजे खातं, नसेल तर तिथेच ऑल्ट-सी दाब. लेजर सेव्ह केलं की परत त्याच ओळीवर येशील.

ऑल्ट-जी मात्र मनापासून शीक. व्हाउचर, म्हणजे एन्ट्री, अर्धं भरलंय आणि साहेबांनी एखाद्या पार्टीची बाकी विचारली, तर व्हाउचर सोडू नकोस. ऑल्ट-जी करून लेजर काढ, बाकी सांग, एस्केप करत मागे ये. अर्धी एन्ट्री जशीच्या तशी असते.

आणि रद्द झालेल्या बिलाला ऑल्ट-डी नको, ऑल्ट-एक्स कर. डिलीट केलं तर बिल पुसलंच जातं. कॅन्सल केलं की नंबर जागेवर राहतो, आणि जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नमध्ये, रद्द बिलांचा आकडाही द्यावा लागतो.

आता माझी चूक सांगते. मी सूत व्यापाऱ्याकडे होते तेव्हाची. दोघा भावांच्या दोन फर्म, दोन्ही टॅलीत उघड्या, एफ३ ने इकडून तिकडे जायचं. मार्चअखेरची संध्याकाळ, चहा पिऊन बसले आणि धाकट्याची ३१ पेमेंटं थोरल्याच्या हिशेबात मारली. पार्ट्या त्याच, बँकेचं नावही तेच, त्यामुळे कुठे अडलंच नाही. रात्री नऊला बँक जुळेना तेव्हा पोटात गोळा आला. एकेक व्हाउचर काढून परत मारलं, घरी आले तेव्हा तू झोपली होतीस.

तेव्हापासून एन्ट्री सेव्ह करायला कंट्रोल-ए दाबण्याआधी मी वर कंपनीचं नाव वाचते, मग तारीख. ओठ हलवून वाचते. कुणी बघितलं तर बघू दे. एक्सेलमधून ऑल्ट-टॅबने परत आलीस की तूही वाच.

तुझ्याकडे एका वेळी किती कंपन्या उघड्या असतात? रविवारी फोनवर सांग.

तुझी,
आई