नान्सीच्या विन्येराँसाहेबांना, एका निवृत्त अव्वल कारकुनाकडून

मा. एदुआर विन्येराँसाहेब,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धात तुम्ही फ्रान्समधल्या नान्सी शहराच्या पोलिसांत परदेशी नागरिकांच्या शाखेचे प्रमुख होतात. मी तहसील कचेरीत जन्म काढलेला माणूस. आपली गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता, आता तुम्ही हयातही नाही. पण तुमचं टेबल माझ्या ओळखीचं आहे, म्हणून हे उघड पत्र.

"वरून ऑर्डर आहे" म्हटलं की पुढचं सगळं बंद होतं, हे मी नोकरीभर पाहिलं. तुमच्या देशात तर ऑर्डर काढणाऱ्यांनाही वरून दबाव होता असं पुढे बरीच वर्षं सांगत राहिले. पण 3 ऑक्टोबर 1940 चा ज्यूविरोधी कायदा जर्मनीपुढे हरल्यावर आलेल्या मार्शल पेताँच्या विशी सरकारने आपणहून केला. त्याचा कच्चा मसुदा 2010 मध्ये उजेडात आला. 1860 पूर्वीपासून फ्रेंच असलेल्या ज्यूंच्या वंशजांना त्यात सवलत होती. ती ओळ पेताँनी स्वतःच्या हाताने खोडली आहे. मसुद्यावरची अशी खाडाखोड कोणाही कारकुनाला लगेच वाचता येते. साहेबाला काय हवं होतं, ते तिथेच कळतं.

त्याच शरद ऋतूत जर्मनांच्या हुकुमावरून त्यांच्या ताब्यातल्या भागात ज्यूंची नोंदणी झाली, आणि ती केली फ्रेंच कचेऱ्यांनी. लोक रांगेत उभे राहून नाव-पत्ता लिहून देत होते. कायदा पाळणारी साधी माणसं होती ती! ओळखपत्रावर 'ज्यू' असा शिक्का बसला, कार्डं अकारविल्हे लागली. 1942 च्या जुलैत पोलीसप्रमुख रेने बूस्केंनी परदेशी ज्यूंना पकडून जर्मनांच्या हवाली करायला फ्रेंच पोलीस द्यायचं कबूल केलं, आणि पॅरिसमध्ये तीच कार्डं बाहेर निघाली, साधारण 27 हजार. 16 आणि 17 जुलैला 13,152 माणसं धरली, त्यात चार हजारांवर मुलं. उरलेली निसटली, त्यात आधी कुजबुजलेल्या काही पोलिसांचाही हात होता. पकडणारा एकही जर्मन नव्हता हे मात्र विसरून चालणार नाही.

नान्सीची पाळी 19 जुलैची. तुमच्या शाखेकडे साडेतीनशेच्या वर नावांची यादी. मूळची पोलंडकडची बरीच कुटुंबं, कागदपत्रांसाठी तुमच्याच खिडकीशी येणारी. कोण कुठल्या गल्लीत राहतो हे तुमच्या माणसांना तोंडपाठ. यादी बिनचूक असली की धरपकड सोपी जाते. तुम्ही, तुमचे सहकारी पिएर मारी आणि शाखेतल्या आणखी काहींनी त्याच यादीवरून आदल्या दिवशी दारं ठोठावली: उद्या घरी थांबू नका. काहींना खोटे कागदही करून दिलेत. दुसऱ्या दिवशी हाती लागली 32 माणसं.

मला सर्वांत जास्त याचंच नवल वाटतं, साहेब. तुमच्याकडे ना बंदूक, ना भूमिगत संघटना, ना राजीनाम्याचा गाजावाजा. राजीनामा दिला असतात तर तुमच्या जागी दुसरा बसला असता, आणि यादी त्याच्या हाती गेली असती. खुर्ची सोडली नाहीत म्हणून त्या घरांपर्यंत पोचलात. त्यापायी तुरुंगही पाहिलात.

ज्यूंच्या नरसंहाराची आठवण जपणाऱ्या इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने तुमचा आणि मारींचा गौरव केला, हे वाचून बरं वाटलं. पण शाखेतल्या बाकीच्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत. सरकारी खात्यांत असंच होतं, सही एकाची आणि पायपीट दहाजणांची. त्या पायपीट करणाऱ्यांनाही माझा नमस्कार सांगावा. निसटलेल्यांपैकी सगळेच युद्ध संपेपर्यंत वाचले असं नाही; पुढे दुसऱ्या गावांत काही सापडले. पण त्या रविवारी नान्सीत ते घरी सापडले नाहीत, ते तुमच्यामुळे. त्याबद्दल मनापासून आभार.

आपला नम्र,
एक निवृत्त अव्वल कारकून