लोखंडाचा गाळ आणि हायड्रोजनचा हिशेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उत्प्रेरणाच्या, म्हणजे स्वतः न खपता अभिक्रिया जलद करणाऱ्या पदार्थांच्या, क्षेत्रात काम केलेल्या रसायनशास्त्रज्ञाचा परिचय वर्तमानपत्रात येतो तेव्हा शोधनिबंध किती, पेटंटे किती, पुरस्कार कोणते, हे सगळे असते. या माणसाने तीस-पस्तीस वर्षे नेमके कोणते कोडे सोडवले, एवढेच नसते. वाचकाची समजूत अशी होते की जुनी घाणेरडी पद्धत होती, कुणीतरी चांगली पावडर शोधली आणि प्रदूषण थांबले. असे घडत नाही. अंबरनाथ, तारापूर, महाड, लोटे इथल्या कारखान्यांना जवळची अशी एकच अभिक्रिया घेऊन हे सांगतो: नायट्रो संयुगापासून अमाइन.

जुनी पद्धत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बेशां यांची, 1854 सालची. बिडाचा कीस, थोडे आम्ल, पाणी आणि उष्णता. हिशेब सरळ आहे. 1 किलो अॅनिलिनसाठी (नायट्रोबेन्झीनपासून मिळणारे अमाइन) कागदावर 1.35 किलो लोखंड जाते आणि 1.87 किलो काळे लोह ऑक्साइड उरते. हे कोरडे वजन झाले. फिल्टरमधून निघणारा ओला गाळ याहून पुष्कळ जड असतो आणि त्यात अमाइन अडकलेले असते. गाळ गरम पाण्याने धुवावा तर सांडपाणी वाढते, न धुवावा तर माल जातो. उरलेले धातुरूप लोखंड हवेत आपोआप तापते ते वेगळेच. (याच गाळाचा रंगद्रव्य म्हणून उपयोग करण्याची युक्ती जर्मनीत लाउक्स यांनी 1920 च्या दशकात काढली आणि तिच्यावर मोठा धंदा उभा राहिला. पण त्यासाठी अभिक्रियाच रंगद्रव्याच्या अंगाने चालवावी लागते. मागाहून गाळ विकू म्हटले तर तो कुणी घेत नाही.)

हायड्रोजन वापरला की गाळाच्या जागी पाणी निघते, 1 किलो अॅनिलिनमागे 0.39 किलो. निकेल किंवा पॅलेडियम यासाठी चालतात हे शंभर वर्षांपासून माहीत आहे. साबातिए यांना हायड्रोजनीकरणासाठी नोबेल मिळाले ते 1912 मध्ये. मग लोखंड अजून का वापरात आहे?

1 टन नायट्रोबेन्झीनला सुमारे 49 किलो, म्हणजे 546 घनमीटर हायड्रोजन लागतो. 7 घनमीटरचे सिलिंडर धरले तर 78 झाले. रिअॅक्टरमध्ये 10 बार दाब असेल तर प्रत्येक सिलिंडर 10 बारवर येऊन थांबतो, म्हणून प्रत्यक्षात 84. शिवाय एका मोलमागे 500 किलोज्यूलहून जास्त उष्णता निघते. टनामागे ती 10 लाख किलोकॅलरीच्या घरात जाते, म्हणजे 10 टन पाणी शून्य अंशावरून उकळीला आणण्याइतकी. जॅकेट आणि कॉइल मिळून ही उष्णता तासाला किती काढतात, त्यावर बॅच किती तासांची हे ठरते. उत्प्रेरक त्याहून जलद असून उपयोग नाही.

खरी अडचण मात्र हायड्रोजन द्रवात जवळजवळ विरघळत नाही ही आहे. मिथेनॉलमध्ये साध्या तापमानाला, 10 बार दाबाखाली लिटरमागे जेमतेम 0.04 मोल मावतो. लिटरमागे 200 ग्रॅम नायट्रोबेन्झीन असेल तर गरज 4.9 मोलची. म्हणजे बॅच संपेपर्यंत द्रवातला हायड्रोजन शंभराहून अधिक वेळा संपतो आणि तितक्या वेळा वरच्या वायूतून खाली ओढावा लागतो. हे काम ढवळणीचे. प्रयोगशाळेतल्या 100 मिलिलिटरच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात) मिनिटाला 1000 फेरे सहज मिळतात. 5000 लिटरच्या भांड्यात ते शक्य नसते. तिथे पोकळ दांड्याचा, वायू खेचून खाली सोडणारा इम्पेलर (ढवळणीचा पंखा) लागतो. तो नसेल तर प्रयोगशाळेत दोन तासांत संपणारी बॅच कारखान्यात वीस तास चालते आणि दोष उत्प्रेरकावर ढकलला जातो. ओळखण्याची खूण सोपी आहे. उत्प्रेरक दुप्पट घालूनही वेग वाढत नाही आणि फेरे वाढवल्यावर वाढतो, तर अडले आहे ते वायूचे येणे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतली रघुनाथ चौधरी यांची कारकीर्द मुख्यतः याच प्रश्नाभोवतीची. वायू, द्रव आणि घन उत्प्रेरक एकत्र असताना नेमकी कोणती पायरी वेग ठरवते, हे मोजायचे कसे? पी. ए. रामचंद्रन यांच्यासोबत त्यांनी या तीन-प्रावस्था रिअॅक्टरांवर 1983 मध्ये लिहिलेला ग्रंथ आजही संदर्भाला घेतला जातो. माटुंग्याच्या यूडीसीटीत (मुंबई विद्यापीठाच्या तेव्हाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात) मनमोहन शर्मा आणि पुण्यात एल. के. दोराईस्वामी यांनी घातलेल्या पायावरचे हे काम आहे. त्यात नवा उत्प्रेरक नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही.

हायड्रोजनची टंचाई नुसती वेळ खात नाही, ती धोकाही आणते. नायट्रो थेट अमाइन होत नाही. वाटेत नायट्रोसो आणि मग हायड्रॉक्सिलअमाइन ही मधली संयुगे लागतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबर यांनी हे टप्पे 1898 मध्येच मांडले. ढवळण कमी पडली किंवा उत्प्रेरक थकला की हायड्रॉक्सिलअमाइन साठत जाते. ते तापले की स्वतःहून विघटित होते आणि तेव्हा निघणारी उष्णता हायड्रोजन बंद केल्याने थांबत नाही. नायट्रोसोशी त्याचा संयोग झाला तर अॅझॉक्सी तयार होऊन माल पिवळा-नारिंगी पडतो. त्यातच गॅस क्रोमॅटोग्राफ (नमुना तापवून, वायुरूपात घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) फसवतो: इंजेक्टरच्या उष्णतेत हायड्रॉक्सिलअमाइन मोडते आणि रिपोर्टमध्ये दिसतच नाही. यासाठी नमुना न तापवता द्रवातच तपासणारे एचपीएलसीच हवे, निदान टॉलेन्स अभिकारकाचा (चांदीच्या क्षाराच्या द्रावणाचा) एक थेंब तरी. आणि हायड्रोजनचा वापर हिशेबापेक्षा कमी भरला असेल, तर 'झाले असेल' म्हणून भांडे उघडायचे नाही.

यावर दोन उपाय रुळले आहेत. नायट्रो संयुग एकदम न भरता, जितके खपते तितकेच थेंबाथेंबाने सोडायचे. रॅनी निकेल (सच्छिद्र निकेलचा उत्प्रेरक) असेल तर याशिवाय गत्यंतर नाही, कारण साठलेले नायट्रो निकेललाच निकामी करते. दुसरा उपाय स्वित्झर्लंडमधील बाझलच्या ब्लाझर आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात दाखवला: प्लॅटिनमसोबत चिमूटभर व्हॅनेडियम. त्याने हायड्रॉक्सिलअमाइन साठतच नाही.

बाकीच्या चुका नेहमीच्या आहेत. कोक भट्टीच्या बेन्झीनपासून केलेल्या नायट्रोबेन्झीनमध्ये गंधकाचा अंश असला तर पॅलेडियम मरते. क्लोरोनायट्रोबेन्झीनला साधे पॅलेडियम लावले तर क्लोरीनही निघतो, हायड्रोक्लोरिक आम्ल बनते आणि स्टेनलेस स्टीलला खड्डे पडतात. कोरड्या उत्प्रेरकावर मिथेनॉल ओतले तर आग लागते. आधी नायट्रोजन, मग ओला उत्प्रेरक, मग द्रावक, हा क्रम बदलायचा नाही. नायट्रोजन 3 बारपर्यंत भरून सोडण्याची क्रिया तीनदा केली की प्राणवायू 21 टक्क्यांवरून 0.33 वर येतो. दोनदाच केली तर तो 1.3 वर राहतो, आणि घाईच्या पाळीत ती दोनदाच होते.

आता गंमत पाहा. पॅरासिटामॉलसाठी लागणारे पॅरा-अमिनोफिनॉल पूर्वी क्लोरोनायट्रोबेन्झीनपासून नायट्रोफिनॉल करून, मग लोखंडाने क्षपण करून काढत. चौधरी यांच्या गटाने नायट्रोबेन्झीनपासून ते एकाच भांड्यात काढण्याच्या पद्धतीवर काम केले. त्याचे अमेरिकी पेटंट 2000 सालचे आहे. इथे तेच नकोसे हायड्रॉक्सिलअमाइन हवेसे होते. प्लॅटिनम तेलाच्या, म्हणजे नायट्रोबेन्झीनच्या, थरात राहते, हायड्रॉक्सिलअमाइन सौम्य सल्फ्युरिक आम्लाच्या थरात जाते आणि 80 अंशांच्या आसपास बांबर्गर पुनर्रचनेने (आम्लात होणाऱ्या रेणूच्या फेरमांडणीने) पॅरा-अमिनोफिनॉल बनते. दाब वाढवला तर आम्लाच्या आधी हायड्रोजन त्याच्यापर्यंत पोहोचतो आणि अॅनिलिन वाढते. एरवी जी टंचाई बॅच बिघडवते, ती इथे मोजून मापून ठेवावी लागते. थोडे नायट्रोबेन्झीन मुद्दाम शिल्लक ठेवतात, म्हणजे उत्प्रेरक त्याच थरात राहतो आणि थरासकट पुढच्या बॅचला जातो. अभिक्रियेचा मार्ग असा मध्येच वळवण्यासाठी आधी तिचा प्रत्येक टप्पा मोजलेला असावा लागतो. परिचयलेखात छापण्यासारखी गोष्ट ही आहे.

याही पद्धतीत आम्ल शेवटी अमोनियाने मारावे लागते, आणि 1 किलो सल्फ्युरिक आम्लामागे 1.35 किलो अमोनियम सल्फेट निघते. आपला प्रतिनिधी पुढच्या वेळी एखाद्या 'हरित' प्रक्रियेच्या शोधकर्त्याला भेटेल तेव्हा त्याने हे मीठ कुठे जाते आणि एकच उत्प्रेरक किती बॅचेस चालला, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत.

आपला,
एक निवृत्त रासायनिक अभियंता, अंबरनाथ